काठी नांदायला गेली

लग्नकार्यात कुणी ना कुणी विचारतंच, "रिटायर झाल्यावर आता काय करता?" मी सांगते, "वस्तू नांदवते." मग विचारणारी बाई हातातली ताटली सांभाळत हळूच दुसरीकडे बघायला लागते. तिला वाटतं, अक्कांचं वय झालं. वय तर झालंच आहे, पण कामाबद्दल मी अगदी खरं तेच सांगितलेलं असतं.

नोकरीची सगळी वर्षं मी सांगलीजवळच्या एका कारखान्यात काढली. व्होल्टेज स्टॅबिलायझर बनवायचा कारखाना. आधी सोल्डरिंगच्या ओळीत बसायची, पुढे तपासणीच्या टेबलावर आले. तयार झालेला डबा माझ्यापुढे यायचा. मी त्याला हर तऱ्हेने छळायची, आणि एवढं करूनही तो टिकला तर त्यावर शिक्का मारायची. पुढे कारखाना बंद पडला, शिक्का गेला, छळायची सवय मात्र राहिली. घरच्यांच्या मते ती कारखान्याच्या आधीपासूनच होती.

त्या सवयीला काम मिळालं ते 'जोडकाम'मध्ये. इस्लामपूरच्या एका इंजिनीअर मुलाने मोबाईलवर सुरू केलेला हा गट. सातारा-सांगलीकडची, घरी बसून काही ना काही खटपट करणारी माणसं त्यात आहेत. कुणी वायरमन, कुणी आयटीआयचा मास्तर, कुणी पलटणीतून पेन्शनवर आलेला, कुणी ऊस कारखान्याला गेल्यावर हात मोकळे झालेला शेतकरी. कुणी नवीन काही बनवलं की गटावर त्याचा व्हिडिओ टाकतो. बाकीचे त्यातल्या चुका काढतात, अडलेलं सोडवून देतात, आपल्याकडचे जुने सुटे भाग पार्सलने पाठवतात. वस्तू जमली की तिचं लाँच, म्हणजे सगळ्यांसमोर थेट व्हिडिओवर ती दाखवायची. त्या दिवसापासून कुणीही ती मागवावी किंवा बघून आपली आपण बनवावी. गट सुरू करणारा मुलगा नोकरीसाठी परदेशी गेला आणि जाताना लाँचचं काम माझ्या पदरात टाकून गेला.

लाँच संध्याकाळी सातला असतं. आम्ही जैन, दिवस मावळायच्या आत आमचं जेवण उरकतं, त्यामुळे सातला मी तृप्त असते आणि बाकीचे सगळे भुकेले. भाषणं आपोआप आटोपशीर होतात.

गटाची एक रीत आहे, आणि ती मी पाडली. नवी वस्तू लाँच होण्याआधी महिनाभर परक्या घरी नांदायला जाते. घर मी शोधते. त्या घराला एवढंच सांगते, ही वस्तू अमुक करते, वापरून बघा. बनवणाऱ्याने त्या महिन्यात तिकडे फिरकायचं नाही, फोन करायचा नाही, 'कशी काय चाललीय' म्हणून निरोपही धाडायचा नाही. गटात याला 'माहेरचा फोन बंद' म्हणतात. महिन्याने लाँच झालं की वस्तू परत येते, आणि लाँचच्या दिवशी आधी बोलतं ते सासर. बनवणाऱ्याने तोवर तोंडातून ब्र काढायचा नाही.

बाहेरच्यांना हे जाचक वाटतं. पण तपासणीच्या टेबलावर मी एवढं एक शिकले की बनवणारा शेजारी उभा असला की कुठलीही वस्तू चालते. तो नकळत वायर दाबून धरतो, बटण दुसऱ्यांदा दाबतो, 'तसं नाही, असं' म्हणत तुमच्या हातातून ती काढून घेतो. वस्तूचा खरा स्वभाव तो पाठमोरा झाल्यावर कळतो. 'लेक शहाणी आहे हे आईने सांगून चालत नाही, सासूने सांगावं लागतं,' असं मी एकदा गटावर लिहिलं, तर दोन बायका गट सोडून गेल्या. त्यातली एक परत आली.

सासरं तऱ्हेतऱ्हेची भेटतात. आमच्या गटात हवालदार मोहिते आहेत, कराडला लागून मलकापूर आहे तिथले. पलटणीत रेडिओ सांभाळायचे. त्यांनी विहिरीच्या मोटरीसाठी एक पेटी बनवली. शेतीला वीज कधी येईल याचा नेम नसतो. ती आली की पेटी आपली आपण मोटर चालू करते आणि शेतकऱ्याला फोन लावून तसं कळवते. आवाज हवालदारांनी स्वतःचाच भरला होता, "मोटर चालू. पाणी येतंय." बस्स, एवढंच. पेटी वाळवा तालुक्यातल्या एका घरी नांदायला गेली. लाँचच्या दिवशी त्या घरच्या मुलाने पेटीचं तोंडभरून कौतुक केलं. तेवढ्यात त्याच्या आईने मोबाईल ओढून घेतला. मुलगा रानात असला की फोन तिच्याजवळ असायचा.

"मशीन ब्येस हाय," म्हातारी म्हणाली, "पर त्यातला मानूस लय तुसडा. मी रोज इचारती, बाबा, जेवलास का? त्यो उत्तर देत न्हाई, तोंडावर ठेवूनच देतोय."

हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. हवालदार तेवढे हसले नाहीत. दोन दिवसांनी त्यांनी आवाज बदलून भरला, "मोटर चालू. पाणी येतंय. जेवलो आई. ठेवतो." ती पेटी पुढे गावोगाव गेली, आणि त्या सगळ्या घरांत हवालदार आजही वेळी-अवेळी जेवल्याचं सांगत असतात.

सगळ्यांच्या नशिबी असं सासर नसतं. तासगाव भागात द्राक्षं वाळवून बेदाणा करतात. वाळत घातलेल्या मालावर अवकाळी सर आली तर धावत जाऊन ताडपत्र्या ओढाव्या लागतात. एका शाळामास्तरांनी त्यासाठी भोंगा बनवला. पट्टीवर पाण्याचा थेंब पडला की तो ओरडणार. एका बेदाण्याच्या शेडवर तो नांदायला गेला. तिथल्या कामकरी बायकांना ती पट्टी लावलेला कठडा धुतलेली लुगडी वाळत घालायला फार सोयीचा वाटला. त्यामुळे दर धुण्याला भोंगा, दर भोंग्याला पळापळ. आठवडाभरात कुणी पळेनासं झालं, आणि मग एके दुपारी खरा पाऊस आला. सासरचं म्हणणं एकच होतं, वस्तू खोटं बोलते. पट्टी उंच लावली असती तर भागण्यासारखं होतं. मी मास्तरांना तसं पुष्कळ समजावलं, पण त्यांचं मन उडालं ते उडालंच. त्यांच्या भोंग्याची मला अजून हळहळ वाटते.

आता काठीचं सांगते.

रूपालीचा पहिला व्हिडिओ आला तेव्हा त्यात वारा जास्त आणि रूपाली कमी ऐकू आली. माण तालुक्यातलं धनगराचं घर. ही तिथली धाकटी सून, आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली. नवरा आणि थोरला दीर महादू, दोघंही मुंबईत माथाडी कामावर. सासू वारलेली. घरी ही, सासरे आणि मेंढरं. सासऱ्यांना सगळे आबा म्हणतात.

आबांना ऐकू येईनासं झालं होतं. मेंढपाळाचं निम्मं काम कानावर चालतं. घंटा कुठे वाजतेय, कुत्रं कुठल्या बाजूला भुंकतंय, कोकरू कुठे अडकलंय, हे त्याला मान न वळवता कळतं. मुलांनी कानाचं मशीन आणून दिलं. माळावरच्या वाऱ्यात त्यातून नुसतं घोंघावणं ऐकू यायचं. आबांनी ते काढून कोनाड्यात ठेवलं. एका दुपारी म्होरकी मेंढी, म्हणजे जिच्या मागून बाकीची जातात ती, चार-दोन जणींना घेऊन टेकडीमागे गेली. आबा दुसरीकडे तोंड करून बसलेले. मोकाट कुत्र्यांनी त्यातल्या दोन मारल्या.

मुंबईहून निरोप आला, चैत्रात गावच्या यात्रेला आम्ही येतोय, तेव्हा कळप विकून टाकू. रूपालीने तो आबांना हातवारे करून सांगितला. त्या दिवसापासून आबांचं घरातलं बोलणं बंद झालं. ऐकू न येणारा माणूस बोलायचाही थांबला की घर कसं होत असेल, ते त्या मुलीच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"आवं अक्का," ती मला म्हणाली, "मेंढरं गेली तर ह्ये मानूस जगायचं न्हाई. यात्रंच्या आत मला ही काठी करायची हाय."

कल्पना साधी होती. म्होरक्या मेंढीच्या गळ्यात पट्टा, पट्ट्यात रेडिओचा छोटा तुकडा. तसाच तुकडा आबांच्या काठीत, आणि त्याच्या जोडीला जुन्या मोबाईलमधली थरथरणारी मोटर, शेंगदाण्याएवढी. मेंढी लांब गेली की काठी हातात थरथरायला लागते. कानाचं काम तळहाताने करायचं.

कल्पना साधी असली तरी मेंढपाळाची काठी साधी नसते. ती दगडावर आपटते, बाभळीत घुसते, भांडणात चालते. रूपालीचं आतलं जोडकाम तासाभरात सुटायचं. गटावर खल सुरू झाला. काठी पोकळ करा, नळी वापरा, बाजारात मिळते तसली हलकी काठी घ्या. रूपाली म्हणाली, आबा त्यांची बोरीची काठी सोडून दुसरी हातात धरायचे नाहीत, काय करायचं ते त्याच काठीत करायला लागेल. शेवटी हवालदारांनी मार्ग काढला. "आमी रेडिओ ट्रकमधून खाली टाकून बघायचो," ते म्हणाले. "वायर मोकळी ठेवायचीच न्हाई. भोकात बसवा आन लांबी भरून टाका." पाण्याच्या गळक्या पाइपाला लावतात ती लांबी. रूपालीने तसं केलं आणि काठी टिकली. आबा ती घेऊन माळावर गेले, आणि पुढचे काही दिवस एकही मेंढी चुकली नाही.

आता प्रश्न रीतीचा होता. काठी एकच, ती महिनाभर परक्या घरी पाठवायची तर आबांनी काय करायचं? गटावर बऱ्याच जणांनी लिहिलं, या वेळी नियम बाजूला ठेवा. मलाही तसंच वाटत होतं. ऐकेना ती रूपालीच.

"द्या पाठवून अक्का. घरची मानसं घरच्या वस्तूला चांगलंच म्हननार. आमच्या भावजींस्नी माजा शबूद पुरा पडायचा न्हाई. परक्या मेंढक्यानं सांगितलं तर ऐकतील."

तो महिना मेंढरं तिने स्वतः राखली. काठी देताना आबांनी ती कापडाने पुसून दिली म्हणे. त्यांना काय वाटलं ते कळायला मार्ग नव्हता, कारण ते बोलत नव्हते.

ऊस तुटून गेला की माणकडचे धनगर मेंढरं घेऊन खाली कृष्णाकाठी येतात. मोकळ्या रानात कळप बसवतात, शेतकऱ्याला खत मिळतं, यांच्या धान्याची सोय होते. इस्लामपूरजवळ असं एक जोडपं पाल ठोकून होतं. बिरू, त्याची बायको लक्ष्मी, आणि नुकतंच चालायला लागलेलं एक पोर. मी एसटीने जाऊन काठी आणि पट्टा त्यांच्या हवाली केला. रीतीप्रमाणे एकच वाक्य बोलले, "पट्टा घातलेलं लांब गेलं की ही काठी थरथरते." बिरूने काठी तोलून बघितली. लक्ष्मीने मला चहा दिला.

लाँच यात्रेच्या आदल्या आठवड्यात ठेवलं. पडद्यावर एका चौकटीत रूपाली आणि तिच्या शेजारी आबा, पागोटं बांधून ताठ बसलेले. दुसऱ्या चौकटीत लक्ष्मी, कडेवर पोर. आणि रूपालीच्या आग्रहावरून मुंबईहून महादू. तो एका गोदामाच्या पायरीवर बसला होता, कपाळावर घाम तसाच. कळप राहणार की जाणार हे त्याच्या मनावर होतं, आणि ते आम्हां सगळ्यांना ठाऊक होतं.

"काठी झ्याक हाय," लक्ष्मीने सुरुवात केली. "पर मेंढरांस्नी त्येचा काय उपेग न्हाई. आमास्नी कानानं ऐकू येतंय, कुत्री हायती. दोन दिसांत मेंढीचा पट्टा काढून ठिवला."

ज्याला ऐकू येतं त्याच्या घरी बहिऱ्यासाठी केलेली काठी गेली होती. कळप असलेलं घर शोधायचं, हे सगळ्या गटाला सुचलं. कमी ऐकणारा मेंढपाळ शोधायचा, हे आमच्यातल्या एकालाही सुचलं नाही. रूपालीने मान खाली घातली. महादूने कपाळावरचा घाम पुसला. आबा तेवढे आळीपाळीने सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होते.

मी उगीच काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "मग महिनाभर काठी पडूनच होती का गं?"

"पडून कशी? पट्टा पोराच्या कमरंला बांधला न्हवं का मी."

तिने पोराला कडेवरून खाली उतरवलं, सदरा वर केला. मेंढीचा पट्टा दोन वेढे घालून त्याच्या पोटावर बसवलेला होता.

"म्या भाकरी थापत हुते," ती सांगायला लागली. "काठी पालाच्या खांबाला टेकवल्याली. खांब थरथराया लागला. म्हागं बघती तर पोरगं न्हाई. उसाच्या पाचटातनं सरळ इहिरीकडं चाललंवतं. त्या इहिरीला कठडा न्हाई अक्का." पोर तिच्या बांगड्यांशी खेळत होतं. मग ती म्हणाली, "मी ही काठी माघारी द्यायची न्हाई. तुमी काय करायचं त्ये करा."

गटावर निरोपांची रीघ लागली. आम्हांला असा पट्टा पाहिजे, आमच्या नातवाला पाहिजे, ऊसतोडीवर येणाऱ्या बायकांसाठी पाहिजे. हवालदारांनी मात्र शिस्तीत लिहिलं, नियमाप्रमाणे वस्तू परत आली पाहिजे. मी त्यांना म्हटलं, "हवालदार, काठी नांदली. नांदलेली लेक कुणी परत मागत नाही." हे बोलून गेले आणि मग माझ्या लक्षात आलं, माझ्या शब्दाने काठी चालली होती आबांची.

रूपाली आबांकडे वळली. तिने हाताने पोराची उंची दाखवली, कमरेचा पट्टा दाखवला, दोन्ही हातांनी विहिरीचा गोल काढला, आणि मग काठी थरथरल्यासारखी मूठ हलवली. आबा लक्ष देऊन बघत होते. पडद्यावरच्या पोराकडे त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं. मग ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं मोठ्याने म्हणाले, "ऱ्हाऊ दे तिला. तेल पाजत जा म्हनावं काठीला, न्हाईतर चिरती."

कित्येक दिवसांनी त्या घरात आबांचा आवाज उमटला होता. रूपालीला रडू आवरेना, आणि खरं सांगायचं तर मलाही.

मग महादू म्हणाला, "अक्का, म्या बोलू का?"

"बोल की."

"दोन मेंढरं मेली म्हनून आमी कळप इकाय न्हाई निघालो. मेंढरं मरत्यातच. आबा यकटा असतोय डोंगरात. पाय घसरला, साप चावला, तर आमी मारल्याली हाक त्येला ऐकू यायची न्हाई. फोन वाजल्याला कळत न्हाई त्येला. त्या बाईच्या इहिरीवानी हाय बघा. हितं पाठीवर पोतं असतंय आन ध्यान त्या टेकडीवर."

"अरे बाबा, मग हे आधी का नाही सांगितलंस घरात?"

"बापाला कसं म्हनायचं, तू म्हातारा झालास? म्हनून मेंढरं इकतो म्हनलं."

तपासणीच्या टेबलावर इतकी वर्षं काढली, पण अशी जागा मला कधी सापडली नव्हती. आम्ही सगळे मेंढ्या सांभाळायची वस्तू घडवत बसलो होतो, आणि त्या घराचा जीव अडकला होता मेंढपाळात. मी रूपालीला विचारलं, "पट्टा मोठ्या माणसाच्या कमरेला बसेल का गं?" तिचे डोळे अजून ओले होते, पण नजर कुठेतरी लांब लागली होती. ती मनातल्या मनात वायरी जोडत होती.

यात्रेला थोडेच दिवस उरले होते. पार्सल पोहोचेल याचा भरवसा नव्हता, म्हणून हवालदार सामान घेऊन मलकापूरहून मोटरसायकलने थेट माणला गेले. या वेळी दोन वस्तू करायच्या होत्या. आबांना नवी काठी, तीही त्यांनी स्वतः निवडलेली, आणि आबांच्या कमरेला पट्टा. पट्ट्यातल्या रेडिओच्या जोडीचा तुकडा आणि थरथरणारी मोटर रूपालीने चुलीवरच्या फळीला, पितळी वाटीखाली बसवली. आबा टेकडीआड गेले की रेडिओचा संपर्क तुटणार आणि वाटी खणखणणार. ती वाजतच राहिली तर आबांना काही झालं समजायचं आणि पळायचं.

काठी आबांनी लगेच घेतली. पट्टा बघून मात्र ते भडकले. "मला पट्टा? म्या काय कुत्रं हाय?"

हवालदारांचा आवाज कवायतीच्या मैदानावर कमावलेला. तोही आबांपर्यंत पोहोचेना. मग त्यांनी बोलणं सोडून पट्टा आपल्याच कमरेला बांधला आणि चालायला लागले. आबा अंगणात उभे राहून बघत होते. हवालदार टेकडीआड दिसेनासे झाले आणि आत फळीवरची वाटी नाचायला लागली. रूपालीने आबांचा हात धरून वाटीवर ठेवला. हवालदार परत दिसले, वाटी शांत झाली. आबांनी वाटी उचलून खाली बघितलं, परत ठेवली, आणि हवालदार येईपर्यंत तिच्यावरचा हात काढला नाही.

यात्रेला मुलं आली. देवाला नैवेद्य झाला, जेवणं झाली आणि मेंढरांचा विषय निघायची वेळ आली. हवालदार तोवर तिथेच मुक्काम ठोकून होते, म्हणून हे मला कळलं. कुणी काही बोलायच्या आत आबा उठले, दोन्ही मुलांसमोर उभे राहिले आणि धोतरावरून पट्टा बांधला.

"ह्यो मी घालतो," ते म्हणाले. "मेंढरं ऱ्हात्यात."

मेंढरं राहिली.

लहान मुलांचे पट्टे पुढे पुष्कळ गेले. रूपालीने गावातल्या दोघी-तिघींना हाताशी घेतलं, आणि ऊसतोडीच्या पालांवर आता ते दिसतात. आबांसारख्या मेंढपाळाची काठी म्हणून मात्र आजवर कुणी विचारणा केलेली नाही. बहिऱ्या मेंढपाळाकडे मोबाईल असला तरी तो आमचा गट कशाला बघेल, आणि कमी ऐकू येतं असं मुलांना कोण सांगेल? लाँच करणारीला ही बोच कायम राहते. वस्तू ज्याच्यासाठी केली तो बाजारात येतच नाही.

शिवाय माझी एक तपासणी राहिली होती. आबांच्या कमरेचा पट्टा वापरात आला, पण नांदताना मी तो पाहिला नव्हता. पावसाळ्यानंतर, माळावर जरा हिरवं दिसायला लागलं तेव्हा, मी माणला गेले. आबा सकाळीच मेंढरं घेऊन निघाले होते. वाटेत भेटले, पागोट्याला हात लावला आणि पुढे गेले.

दुपार कलल्यावर मी चुलीपाशी रूपालीशी गप्पा मारत बसले होते. अचानक फळीवरची वाटी खणखणली. मी दचकून उठले. "अगं, आबा!"

"बसा अक्का," रूपाली जागची न हलता म्हणाली.

वाटी थांबली. पुन्हा खणखणली, पुन्हा थांबली.

"त्ये टेकडीच्या म्हागं जात्यात आन म्होरं येत्यात," ती पिठाचा डबा ओढत म्हणाली. "रोजचंच हाय. दोनदा वाजली का भाकरी टाकायची. आमी कुनी शिकवलं न्हाई. त्येंचं त्येंनीच काढलं."

घरात फारसं न बोलणारा माणूस टेकडीवरून सुनेशी बोलत होता. मी छळून तपासलेल्या कुठल्याच वस्तूने असलं काही केलं नव्हतं. मला त्या वाटीचा हेवा वाटला.

तेवढ्यात वाटी तिसऱ्यांदा वाजली. रूपालीचा परातीतला हात थांबला. मी पुन्हा उठायच्या बेतात होते. वाटी शांत झाली, आणि रूपाली हसायला लागली.

"तिसरी तुमची. दिस बुडायच्या आत तुमचं जेवान असतंय, काल सांगितलंवतं मी त्यास्नी. आज रोजच्यापरीस येरवाळीच वाजवली बघा."

तिने परातीत आणखी एक ओंजळ पीठ घेतलं.